शुद्धीवर आलेला पेशंट ‘नको’ म्हणतो तेव्हा: एका कॉलचा प्रकरण अभ्यास

कॉल सकाळी ६.४० चा. नियंत्रण कक्षाकडून आलेली माहिती एवढीच: वय ६७, स्त्री, लकवा मारल्यासारखं वाटतंय, बोलत नाही. रुग्णवाहिकेत तिघं होते. चालक, शिरेतून औषध द्यायची परवानगी असलेली अनुभवी ईएमटी (आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ; तिला पुढे सीनियर म्हणतो), आणि वर्गातला अभ्यासक्रम संपवून प्रत्यक्ष कामाचे तास भरायला आलेला एक शिकाऊ. हे प्रकरण मी शिकाऊंच्या वर्गात वापरतो, त्यामुळे ओळख लागेल असं काही त्यात ठेवलेलं नाही. पेशंटला आजी म्हणू, सगळे तसंच म्हणत होते.

वरवर पाहिलं तर केस सोपी आहे. साखर खाली गेली होती, ग्लुकोज दिलं, आजी उठून बसल्या. पुस्तकात अर्ध्या पानात आटोपते. मी ती सविस्तर सांगतोय कारण तिचा अवघड भाग ग्लुकोज दिल्यानंतर सुरू होतो, आणि मूलभूत ईएमटीच्या दीडशे-दोनशे तासांच्या अभ्यासक्रमात त्या भागाच्या वाट्याला फार तर एखादं व्याख्यान येतं. सरावाचा पुतळा कधीच म्हणत नाही की मला दवाखान्यात यायचं नाही.

पहिली काही मिनिटं

६.५२ ला टीम घरात. आजी पलंगावर, पाठीला दोन उशा, डोळे मिटलेले. सून शेजारी बसून चमच्याने साखरपाणी पाजत होती. त्यातलं बरंचसं तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून गळत गळ्यावर, तिथून छातीवर धरलेल्या हातांवर येत होतं. शिकाऊने सवयीप्रमाणे हातमोजे चढवले आणि ‘सीन सेफ’ असं जवळजवळ मोठ्याने म्हटलं. परीक्षेत ते मोठ्याने म्हणावं लागतं, त्याची ही सवय. सीनियरने मात्र आधी सुनेचा चमच्याचा हात हलकेच धरला. “ताई, थांबा. आता तोंडात काहीच नको.” मग आजींना डाव्या कुशीवर वळवलं, तोंडातलं पाणी सक्शनने काढलं.

गिळता न येणाऱ्या माणसाच्या तोंडात घातलेलं पाणी श्वासनलिकेत जातं. सुनेची चूक काढण्यात अर्थ नव्हता, तिने ऐकलेलं बरोबरच केलं होतं. ते फक्त पूर्ण शुद्धीत असलेल्या, स्वतःहून गिळू शकणाऱ्या माणसासाठी असतं. साखरेची जेल गालात लावण्यालाही हीच अट लागू.

श्वासमार्ग मोकळा, श्वास मिनिटाला १८, ऑक्सिजन ९६ टक्के, नाडी ७० आणि नियमित, रक्तदाब १५६/८८. हाक मारून डोळे उघडत नव्हते, नखावर दाब दिल्यावर उघडले. तोंडातून नुसता अस्पष्ट आवाज. शिकाऊने उजव्या हाताच्या नखावर दाब दिला, हात जागचा हलला नाही. शुद्ध किती आहे ते डोळे, बोलणं आणि हालचाल यांवरून मोजणाऱ्या ग्लासगो कोमा स्केलच्या (जीसीएस) हालचालीच्या रकान्यात तो १ लिहिणार तेवढ्यात सीनियर म्हणाली, “दुसऱ्या बाजूला बघ.” भुवईच्या वरच्या हाडावर दाबल्यावर डावा हात वर आला आणि त्याने शिकाऊची बोटं ढकलली. हालचालीचे ५, पंधरापैकी एकूण ९. टीसडेल आणि जेनेट यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या या मोजणीत सगळ्यात चांगला प्रतिसाद धरायचा असतो. लुळी बाजू मोजली तर मेंदूची अवस्था आहे त्यापेक्षा वाईट दिसते, आणि पुढचे निर्णय त्या आकड्यावर उभे राहतात.

चेहरा उजवीकडे ओघळलेला. दोन्ही हात उचलून सोडले तर उजवा थेट पडत होता. सिनसिनाटी स्केलच्या तीन खुणा म्हणजे चेहरा, हात आणि बोलणं. त्यातली एक जरी नव्याने बिघडलेली दिसली तरी स्ट्रोकचा संशय बळावतो. इथे दोन दिसत होत्या, तिसरी तपासताच येत नव्हती.

“कधी झालं?” शिकाऊने विचारलं. मुलगा म्हणाला, “आत्ता, सहा वाजता.” सीनियरने प्रश्न बदलला: “त्या शेवटच्या नीट बोलताना कुणी पाहिल्या? आणि किती वाजता?” मग कळलं की सहाला मुलाने त्यांना फक्त अशा अवस्थेत पाहिलं होतं. साडेचारला बाथरूमला उठल्या तेव्हा सुनेशी त्या दोन वाक्यं बोलल्या होत्या, चालत गेल्या-आल्या होत्या. म्हणजे घड्याळ ४.३० पासून. गुठळी विरघळवणारं औषध देण्याची मुदत साधारणपणे साडेचार तासांची, ती नऊला संपणार होती. ‘कधी झालं’ आणि ‘शेवटचं ठीक कधी पाहिलं’ या दोन प्रश्नांच्या उत्तरांत इथे दीड तासाचा फरक पडला. झोपेतून उठलेल्या पेशंटच्या बाबतीत तो सहा-सात तासांचाही पडतो.

दोन आकडे

६.५६ ला शिकाऊने उजव्या हाताचं बोट स्पिरिटने पुसून टोचलं. ग्लुकोमीटरवर आकडा आला १६४.

इथे केस दुसऱ्याच वाटेला लागू शकली असती. मधुमेही बाईची साखर १६४, उजवी बाजू लुळी, बोलणं बंद. स्ट्रोकचा इशारा देऊन गाडी सुसाट सोडायची, आणि कागदावर कुणाला काही वावगं दिसलं नसतं. लॉस एंजेलिसच्या स्ट्रोक चाचणीत साखर मोजणं मुद्दाम घातलेलं आहे: ती ६० ते ४०० मिलिग्रॅमच्या दरम्यान असली तरच पेशंट त्या चाचणीत बसतो. १६४ त्या कसोटीला आरामात उतरतो.

सीनियरचं लक्ष मात्र दुसरीकडे गेलं होतं. आजींचा नाइटगाउन पाठीला चिकटला होता, कपाळ गार आणि ओलं होतं. खोली गरम नव्हती. स्ट्रोकमध्ये असा निथळता घाम नेहमीचा नाही. साखर उतरल्यावर मात्र तो बहुतेक वेळा येतो. आणि ज्या बोटाला टोचलं त्याच हातावर मघापासून साखरपाणी ओघळत होतं. ती शिकाऊला म्हणाली, “पाण्याने हात धू, कोरडा कर, दुसऱ्या हाताचं बोट घे, पहिला थेंब पुसून टाक.” ६.५८ ला आकडा आला ३१.

बोटावर वाळलेली साखर रक्ताच्या इवल्याशा थेंबात मिसळली की यंत्र तीही मोजतं. यंत्राचा त्यात काही दोष नसतो. फळं सोललेल्या हातांवर हे नीट तपासलं गेलं आहे: स्पिरिटच्या बोळ्याने पुसणं पुरत नाही, वाहत्या पाण्याने हात धुतला तरच आकडा खरा येतो. आमच्या कामात हे जास्तच घडतं, कारण घरच्यांनी काहीतरी गोड देण्याचा प्रयत्न बहुतेक वेळा आपण पोचायच्या आधी केलेला असतो. आकडा आणि समोरचा पेशंट यांचं पटत नसेल तर आकडा पुन्हा घ्यावा.

नाडी ७० ची का होती, याचा उलगडा नंतर औषधांच्या पिशवीत झाला. साखर उतरली की शरीर अ‍ॅड्रिनॅलिन सोडतं, हृदय धडधडतं, हात कापतात. आजी रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल घेत होत्या. बीटा ब्लॉकर गटातलं औषध ही धडधड आणि कापरं दाबून टाकतं. घाम तेवढा दाबत नाही, कारण घामाच्या ग्रंथींकडे जाणारा निरोप वेगळ्या रसायनातून जातो. पाठीला चिकटलेला गाउन ही त्या क्षणी एकमेव उघडी खूण होती.

साखर उतरल्याने अर्धं अंग लुळं पडतं हे ऐकून शिकाऊ अजूनही दचकतात. हे नेहमीचं नसलं तरी वैद्यकशास्त्राला नीट माहीत आहे. स्ट्रोकचं औषध देण्याआधी सगळ्या पेशंटमध्ये जी एकच रक्ततपासणी हातात असावीच लागते, ती साखरेचीच.

ग्लुकोज

७.०३ ला डाव्या हाताच्या शिरेत कॅन्युला बसली. सीनियरने आधी साधं सलाईन सोडून शीर फुगत नाही ना ते पाहिलं, मग १० टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोजच, सुरू केलं. ५० टक्क्यांची मोठी सिरिंज अजून अनेक पेट्यांत असते. पण तो द्राव इतका दाट असतो की शिरेबाहेर झिरपला तर आजूबाजूची कातडी आणि मांस सडू शकतं. ५० टक्क्यांच्या ५० मिलीत जेवढं ग्लुकोज, तेवढंच १० टक्क्यांच्या २५० मिलीत: २५ ग्रॅम. पातळ द्रावात फायदा असा की हळूहळू देता येतं आणि माणूस जागा झाला की थांबवता येतं.

ग्लुकॅगॉनचं इंजेक्शन स्नायूत देता आलं असतं, आणि शीर न मिळणाऱ्या पेशंटमध्ये तोच आधार असतो. पण ग्लुकॅगॉन यकृतातला साठा बाहेर काढतं. दोन दिवस पोटात काही नसलेल्या माणसाकडे तो साठाच तुटपुंजा. शिवाय ते दिल्यावर उलटी होऊ शकते, म्हणून पेशंटला कुशीवर ठेवायचं.

१५० मिली गेल्यावर, ७.१२ च्या सुमाराला, आजींनी डोळे उघडले आणि शिकाऊकडे बघून विचारलं, “तू कोण रे?” चेहरा सरळ झाला होता. दोन्ही हातांची पकड सारखी. ७.१५ ला साखर १२६.

सर्जन अ‍ॅलन व्हिपल यांच्या नावाने ओळखली जाणारी त्रयी इथे जशीच्या तशी दिसते: साखर उतरल्याची लक्षणं, त्याच वेळी मोजलेली कमी साखर, आणि साखर वर आणल्यावर लक्षणं जाणं. यातला तिसरा भाग स्ट्रोकचा प्रश्न निकाली काढायला उपयोगी पडला. १२६ ला पोचूनही हात लुळाच राहिला असता तर स्ट्रोकचा इशारा कायम ठेवून ४.३० चं घड्याळ डोळ्यांसमोर ठेवूनच निघावं लागलं असतं. एका पेशंटला दोन्ही असू शकतं.

‘सही कुठे करायची?’

७.१७ ला आजी म्हणाल्या, “मला काही झालेलं नाही. तुम्ही आलात, बरं झालं. आता काहीतरी खाते आणि पडते.” मुलाने ग्लुकोमीटर पाहिला होता. “नॉर्मल आली ना साखर? मग सही कुठे करायची?” या घरात रुग्णवाहिका पूर्वीही येऊन गेली असावी. नकाराचा फॉर्म असतो, हे त्याला ठाऊक होतं.

शिकाऊने फॉर्म काढला. त्याने शिकल्याप्रमाणे नाव, जागा, वार आणि काय घडलं हे चार प्रश्न विचारले. आजींनी चारही बरोबर सांगितले. त्याच्या लेखी त्या नकार द्यायला सक्षम होत्या. सीनियरने फॉर्म घेतला आणि न भरता गादीवर ठेवला.

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. शुद्धीत असलेल्या, समज असलेल्या प्रौढ माणसाला नको म्हणायचा अधिकार आहे आणि तो खरा आहे. ‘तुमच्या भल्यासाठी’ म्हणून उचलून नेता येत नाही. पण वार सांगता येणं आणि निर्णय घेता येणं यांत बरंच अंतर आहे. पॉल अ‍ॅपलबॉम आणि थॉमस ग्रिसो यांनी १९८८ मध्ये या क्षमतेचे चार भाग मांडले: निवड सांगता येणं, माहिती समजणं, ती आपल्याला लागू आहे हे उमगणं, आणि पर्यायांचा तर्काने विचार करता येणं. चार प्रश्नांच्या आपल्या पद्धतीत यातलं जवळपास काहीच येत नाही. आणि माहिती समजायची तर ती आधी कुणीतरी दिलेली असावी लागते. ७.१७ ला आजींना काय झालं होतं हे खोलीतल्या कुणालाच माहीत नव्हतं. साखर ३१ का झाली, हेच कळलेलं नव्हतं.

म्हणून सीनियरने शिकाऊला सांगितलं, “घरातली सगळी औषधं आण. रोजची, जुनी, दुसऱ्या डॉक्टरची, सगळी.”

पिशवी

पिशवीत मेटोप्रोलॉल होतं. ग्लायबेनक्लामाइड ही मधुमेहाची गोळी, ५ मिलिग्रॅम, सकाळ-रात्र. आणि उशीखाली, पिशवीबाहेर, कोट्रायमॉक्साझोल या प्रतिजैविकाची अर्धी संपलेली पट्टी. लघवीला जळजळ होते म्हणून तीन दिवसांपूर्वी दुसऱ्या एका डॉक्टरांकडून आणलेली. दोन दिवसांपासून जुलाब, जेवण जवळपास बंद, पाणीही बेताचंच. रात्री साडेआठला साखरेची गोळी मात्र घेतलेली. “औषध चुकवायचं नाही, असं सांगितलंय ना डॉक्टरांनी,” आजी म्हणाल्या, आणि त्या सांगण्यात किंचित अभिमान होता.

ग्लायबेनक्लामाइड सल्फोनिलयुरिया गटातलं. ते स्वादुपिंडाच्या बीटा पेशींवरची पोटॅशियमची एक वाट बंद करतं आणि रक्तात साखर किती आहे याची पर्वा न करता इन्सुलिन सोडायला लावतं. एका गोळीचा परिणाम चोवीस तासांपर्यंत टिकू शकतो. यकृतात त्याची जी रूपं तयार होतात तीही थोडंफार काम करत राहतात, आणि ती मूत्रपिंडातून बाहेर जायची असतात. जुलाबाने पाणी कमी, मूत्रपिंडं मंद. म्हणजे औषध आत साठतं. वयस्कर माणसांना आणि मूत्रपिंडं कमजोर असलेल्यांना ही गोळी टाळावी असं म्हणतात ते यामुळेच. त्यात कोट्रायमॉक्साझोल. त्यातला सल्फाचा भाग यकृतात या गोळीचं विघटन अडवतो, त्यामुळे तिची रक्तातली पातळी चढते.

थोडं विषयांतर, पण राहवत नाही. या गोळ्यांचा जन्मच अशा अपघातातून झाला. १९४२ मध्ये फ्रान्समधल्या माँपेलिए इथे मार्सेल जांबों टायफॉइडच्या पेशंटना एक नवं सल्फा औषध देत होते, आणि काहींची साखर धोकादायक उतरायला लागली. त्यांचे सहकारी ऑग्युस्त लुबातिएर यांनी त्याचा पाठपुरावा केला आणि ते औषध स्वादुपिंडातून इन्सुलिन सोडवतं हे दाखवलं. मधुमेहाच्या गोळ्यांचं एक अख्खं घराणं तिथून सुरू झालं. आजींच्या उशीखालची सल्फाची पट्टी आणि पिशवीतली साखरेची गोळी हे लांबचे नातेवाईक.

आता १२६ या आकड्याकडे पुन्हा पाहा. इन्सुलिन घेणाऱ्या तरुण पेशंटने इंजेक्शन घेऊन जेवायला उशीर केला, साखर उतरली, आपण वर आणली, तो व्यवस्थित जेवला, कारण कळलं आणि सोबतीला घरात कुणी आहे, तर अनेक सेवांचे प्रोटोकॉल त्याला घरीच सोडायला परवानगी देतात. सल्फोनिलयुरिया घेतलेल्या पेशंटला मात्र त्या सवलतीतून वगळलेलं असतं. कारण इथे आपण दिलेलं ग्लुकोजच स्वादुपिंडाला आणखी इन्सुलिन सोडायला चेतवतं. साखर चढते, त्यामागून इन्सुलिन चढतं, साखर पुन्हा घसरते, कधी आधीपेक्षा खाली. ग्लुकोजची बाटली वेळ मिळवून देते, गोळीचं काम थांबवत नाही.

शेजारच्या खोलीतले आजोबा

सीनियरने आजींना हे सगळं सांगितलं नाही. ती म्हणाली, “आजी, ती गोळी अजून तुमच्या पोटात काम करतेय. आत्ताची साखर आम्ही घातलेली आहे, ती संपणार. पुन्हा असंच होईल, बहुतेक दुपारपर्यंत, आणि तेव्हा तुम्ही झोपेत असलात तर कुणाला कळणारही नाही.” मग तिने विचारलं, “मी काय सांगितलं ते तुमच्या शब्दांत सांगा बघू.”

आजी म्हणाल्या, “मी जेवले की बरी होईन.”

पेशंटने असं परत सांगितलेलं ऐकणं फार महत्त्वाचं असतं. वार, जागा, नाव सगळं बरोबर, पण धोका आपल्याला लागू आहे हे उमगलेलं नाही. अशा वेळी आवाज चढवून तेच पुन्हा सांगण्याचा मोह होतो. तेवढ्यात भिंतीपलीकडून एक म्हातारा आवाज आला, कुणाला तरी हाक मारणारा. शिकाऊ बघायला गेला. पलंगाला खिळलेले आजोबा होते. त्यांची सकाळची सगळी उस्तवार आजी स्वतः करायच्या आणि दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. शिकाऊने परत येऊन विचारलं, “आजी, आजोबांचं कोण बघणार म्हणून येत नाही का?” आजी गप्प राहिल्या, मग मान हलवली.

नकारामागे बहुतेक वेळा वैद्यकाशी संबंध नसलेलं काहीतरी असतं, आणि ते पहिल्या उत्तरात येत नाही. इथे ते शिकाऊने शोधलं, तेही भिंतीपलीकडच्या हाकेमुळे. सून म्हणाली की आज ती कामावर जाणार नाही, आजोबांजवळ थांबेल. सीनियरने सल्लागार डॉक्टरांना फोन लावून मुलाशी बोलणं करून दिलं. ७.३५ ला ठरल्याप्रमाणे पुन्हा बोट टोचलं, तेही हात धुऊन, कारण मधल्या वेळात आजींनी चार घास खाल्ले होते. आकडा ८१.

खाऊनसुद्धा वीस मिनिटांत १२६ वरून ८१. सीनियरने दोन्ही आकडे कागदावर एकाखाली एक लिहून आजींपुढे धरले. “सून बघेल म्हणता ना त्यांच्याकडे? मग चला,” आजी म्हणाल्या. नक्की कशाने त्या तयार झाल्या, आकड्याने की सुनेच्या शब्दाने, हे मला सांगता येणार नाही. वर्गात यावर दर वेळी वाद होतो. माझं मत सुनेकडे झुकतं.

गाडीत आणि पुढे

७.४६ ला गाडी निघाली. ७.५८ ला साखर ६२, वरच्या ओठावर पुन्हा घामाचे थेंब. १० टक्के डेक्स्ट्रोज पुन्हा सुरू. रुग्णालय निवडताना जवळचं छोटं केंद्र सोडून अतिदक्षता विभाग आणि चोवीस तास प्रयोगशाळा असलेलं निवडलं, कारण दर तासाला साखर मोजावी लागणार हे उघड होतं.

८.१० चा हँडओव्हर, म्हणजे पेशंट सोपवताना डॉक्टरला द्यायची माहिती, सीनियरने शिकाऊला द्यायला लावला. तो जवळपास असा होता: “६७ वर्षांची स्त्री, शेवटची ठीक पाहिली ४.३० ला. उजवी बाजू लुळी, जीसीएस ९, साखर ३१. त्याआधीचा १६४ हा साखर लागलेल्या बोटाचा, तो धरू नका. डेक्स्ट्रोज १० टक्के १५० मिलीवर पूर्ण शुद्ध, लुळेपणा गेला. १२६, ८१, ६२, आता पुन्हा चालू. ग्लायबेनक्लामाइड, शेवटची गोळी काल रात्री साडेआठ. तीन दिवस कोट्रायमॉक्साझोल. दोन दिवस जुलाब. बीटा ब्लॉकरवर आहेत, नाडीवर विसंबू नका. साखरपाणी पाजलं होतं, छाती ऐका.” ‘शुगर लो होती, दिली, आता बरी आहे’ असा हँडओव्हर मी अनेकदा ऐकला आहे. त्यात खोटं काही नसतं, पण डॉक्टरला त्यातून काहीच मिळत नाही.

नंतर कळलं ते थोडक्यात. क्रिएटिनिन बरंच वाढलेलं निघालं, म्हणजे मूत्रपिंडं मंदावलेलीच होती. ऑक्ट्रिओटाइडची इंजेक्शनं दिली; ते स्वादुपिंडातून सुटणारं इन्सुलिन रोखतं, म्हणून या विशिष्ट प्रकारात ते ग्लुकोजच्या जोडीला वापरतात. तरीही त्या रात्री साखर एकदा साठच्या खाली गेली, ती तिथे मोजली जात होती म्हणून सापडली. छाती साफ होती. मधुमेहाची गोळी बदलून आजी चौथ्या दिवशी घरी गेल्या.

वादाचे मुद्दे

घरात ५४ मिनिटं गेली. एका सहकाऱ्याचा आक्षेप असा की एवढ्या वेळात दुसरा कॉल थांबला असता तर? डेक्स्ट्रोज चालू करून, शुद्ध येण्याआधीच आजींना गाडीत घेता आलं असतं. बेशुद्ध पेशंटची संमती गृहीतच धरतात. आक्षेप पोकळ नाही. स्ट्रोकचा संशय असताना तर बहुतेक टीम लवकर हलतातच. पण ३१ साखरेवर मेंदू उपाशी असतो, आणि शीर मिळवण्यासाठी स्थिर पलंग हा हलत्या गाडीपेक्षा चांगला. शिवाय जागी झालेली आजी गाडीतसुद्धा नको म्हणू शकली असती, आणि तिथून आजोबांची हाक कुणाला ऐकू आली नसती. तरीही ७.१७ ते ७.३५ मधली पाच-सात मिनिटं वाचवता आली असती असं मलाही वाटतं. औषधांची पिशवी ग्लुकोज चालू असतानाच मागवायला हवी होती. शिकाऊचे हात तेव्हा मोकळे होते.

दुसरा मुद्दा नोंदीचा. आजी शेवटपर्यंत नाहीच म्हणाल्या असत्या तर? तर सही घेऊन निघावं लागलं असतं, पण नोंदीत ‘पेशंटने नकार दिला’ हे एक वाक्य पुरलं नसतं. कोणता धोका कोणत्या शब्दांत सांगितला, पेशंटने तो स्वतःच्या शब्दांत कसा परत सांगितला, सल्लागार डॉक्टरांशी किती वाजता बोलणं झालं, सोबत कोण थांबलं, पुढची साखर किती वाजता मोजायला सांगितली, आणि कधीही परत बोलवा असं सांगितलं का, हे सगळं यायला हवं. फॉर्मवरची सही फक्त सही झाल्याचं सांगते.

या प्रकरणानंतर आम्ही सरावाचा प्रसंग बदलला. पुतळ्याऐवजी प्रशिक्षकांपैकी कुणीतरी पलंगावर झोपतं आणि ग्लुकोज दिल्यावर उठून घरी राहायचा हट्ट धरतं. मागितली तरच औषधांची पिशवी मिळते. तिच्यात सहा पट्ट्या, त्यातल्या दोन पट्ट्यांवरचं नाव कापलेलं, आणि एक उशीखाली वेगळी. पुन्हा साखर मोजली तर उतरलेला आकडा दाखवतो. ज्याने पिशवी मागितली नाही आणि दुसऱ्यांदा बोट टोचलं नाही, त्याला आम्ही अडवत नाही. तो सही घेऊन, सामान आवरून, पुढच्या टेबलाकडे निघतो, आणि थोड्या वेळाने नियंत्रण कक्षाच्या आवाजात त्याला त्याच पत्त्यावरचा दुसरा कॉल दिला जातो: वय ६७, स्त्री, झटके येत आहेत.